वीज साठवणूक : भारतातील धोरण आणि नियमन

दुपारी उरणारी सौर वीज संध्याकाळच्या मागणीसाठी राखून ठेवण्याची व्यवस्था आणि तिच्या मालकी, दर व हिशेबाचे नियम. भारतात मोठ्या प्रमाणावर हे काम दोन मार्गांनी होते : उदंचन जलविद्युत (स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे, हवे तेव्हा खाली सोडून वीज काढायची) आणि बॅटरी.

वीज कायदा, २००३ निर्मिती, पारेषण, वितरण आणि व्यापार एवढेच ओळखतो. साठवण संच यांतल्या कुठल्याच खणात नीट बसत नाही. दुपारी तो ग्राहकासारखा वीज ओढतो, संध्याकाळी वीज केंद्रासारखी देतो आणि नवे युनिट एकही तयार करत नाही; उलट वाटेत थोडी खातोच. नियमनातले बरेचसे वाद या दुहेरीपणातून निघतात. वीज (सुधारणा) नियम, २०२२ यांनी त्यावर तोडगा काढला. स्वतंत्र संचाला, निर्मिती कंपनीप्रमाणेच, परवाना लागत नाही. संच निर्मिती, पारेषण किंवा वितरण कंपनीच्या मालकीचा असल्यास मालकाचा कायदेशीर दर्जा त्यालाही मिळतो.

उदंचन ही यातली जुनी वाट. महाराष्ट्रात घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प (१२५ मेगावॉटचे दोन संच) २००८ मध्ये सुरू झाला. वरचा जलाशय अकोले तालुक्यात प्रवरेवर, खालचा घाट उतरून शहापूर तालुक्यात. पाणी खाली येताना जे यंत्र टर्बाइन म्हणून फिरते, तेच उलटे फिरून पंप होते. अशा प्रकल्पांत पाणी चढवायला चार युनिटे घातली तर परत सुमारे तीनच मिळतात. पूर्वी पंप रात्री, औष्णिक वीज उरते तेव्हा चालवत. आता दुपार सोयीची झाली. एप्रिल २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी राज्यांना अशा प्रकल्पांकडून मोफत विजेचा वाटा मागू नये असे सांगितले. नदीपासून दूर दोन तळी बांधून तेच पाणी फिरवत ठेवणाऱ्या प्रकल्पांनाही चालना दिली. सह्याद्रीत कडा आयता मिळतो; अडते ते वनजमिनीपाशी.

बॅटरी महिन्यांत उभी राहते, म्हणून निविदांचा ओघ तिकडे आहे. करार बहुधा प्रति मेगावॉट मासिक भाड्याचा असतो आणि चार्जिंगची वीज वितरण कंपनी पुरवते. भाडे महिन्याला २.४० लाख रुपये आणि संच १ मेगावॉट / २ मेगावॉट-तासांचा, म्हणजे एका दमात दोन तास, २,००० युनिटे देणारा धरू. रोज एक फेरी (एकदा पूर्ण भरणे आणि रिकामे करणे) केली तर महिन्यात ६०,००० युनिटे बाहेर पडतात, म्हणजे साठवणुकीचा खर्च युनिटमागे ४ रुपये. दोन फेऱ्या केल्या तर २ रुपये. चार्जिंगची वीज २.५० रुपयांची असेल तर ८५ टक्के कार्यक्षमतेने ती २.९४ रुपयांना पडते. म्हणजे एकूण ६.९४ किंवा ४.९४ रुपये. दुसरी फेरी एवढी मोलाची. पण तिचे चार्जिंग बहुधा पहाटेपूर्वी होते आणि पावसाळ्यातला वारा सोडला तर त्या वेळी मिळते ती मुख्यतः कोळशाची वीज. इथे नियम आडवा येतो. केंद्राच्या जुलै २०२२ च्या आदेशाने वितरण कंपन्यांवर साठवणुकीचे बंधन घातले : २०२३-२४ मध्ये एकूण वीज वापराच्या १ टक्का, पुढे दरवर्षी अर्धा टक्का वाढून २०२९-३० मध्ये ४ टक्के. मात्र साठवलेल्या विजेपैकी वर्षभरात किमान ८५ टक्के नवीकरणीय असेल तरच ते पाळल्याचे धरले जाते.

करारात घासाघीस भाड्यावर होते, भांडण मात्र मीटरवर. चार्जिंगला गेलेली आणि परत आलेली वीज यांचे गुणोत्तर महिन्याला काढतात. ते ८५ टक्क्यांखाली गेले की दंड. ७० टक्क्यांखाली गेल्यास त्या महिन्याचे भाडेच नाही, अशी अट केंद्रीय निविदांत दिसते. आता बॅटऱ्यांचे कंटेनर थंड ठेवणाऱ्या वातानुकूलनाची वीज या हिशेबात धरायची की वेगळ्या मीटरवर घ्यायची? विदर्भातल्या मे महिन्यात हा फरक किरकोळ राहत नाही. शिवाय सेलची क्षमता दरवर्षी थोडी घटते. म्हणून बोलीदार सुरुवातीलाच जास्त सेल बसवतो किंवा काही वर्षांनी भर घालतो. फारच कमी बोली लावणारा नेमकी हीच भर कापतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या व्यवहार्यता तफावत निधीतून (प्रकल्प परवडावा म्हणून दिलेले सरकारी साहाय्य) ४,००० मेगावॉट-तासांच्या बॅटऱ्यांना भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत ठरली. त्या क्षमतेचा किमान ८५ टक्के वाटा वितरण कंपन्यांना मिळावा ही अट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या आराखड्यात २०३१-३२ ची गरज ४११ गिगावॉट-तास धरली आहे, त्यातले २३६ बॅटऱ्यांचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने सौर निविदांतच क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांची साठवणूक मागावी असे सुचवले.

ग्राहकाच्या बिलातही याची खूण आहे. वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार सौर तासांतला वीजदर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा लागतो. सर्वाधिक मागणीच्या तासांत तो व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट, इतरांना १.१ पट. शेतीला यातून वगळले आहे. खरे तर कृषिपंप दुपारी चालवणे ही सर्वांत स्वस्त साठवणूक : वीज नाही, पाणी साठते. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पांतून कृषी वाहिन्यांना दिवसा वीज देते, तेव्हा बॅटरीविनाच रात्रीचा भार दुपारी सरकतो.