कानमुशीच्या पिल्लाची शिदोरी

नुकत्याच जन्मलेल्या हातोडी शार्कच्या, म्हणजे कोकणातल्या कानमुशीच्या, पिल्लाला हातात धरून उलटं केलं, तर पुढच्या दोन परांच्या मध्ये एक बारीकशी चीर दिसते. ती नाळेची खूण. हातोडी शार्क अंडी घालत नाहीत, पिल्लं आईच्या पोटात नाळेवर वाढतात. जन्मानंतर ती चीर हळूहळू मिटत जाते, त्यामुळे संशोधक तिच्यावरून पिल्लाचं वय ताडतात. आणि चीर मिटत असतानाच्या त्याच दिवसांत पिल्लाचं वजन वाढायच्या ऐवजी घटतं.

हवाईतल्या ओआहू बेटाच्या कानेओहे उपसागरात ‘स्कॅलप्ड हॅमरहेड’ या हातोडी शार्कच्या जातीवर हे नीट तपासलं गेलं आहे. दर उन्हाळ्यात माद्या तिथे येऊन हातभर लांबीची पिल्लं सोडून जातात. पिल्लाला जन्मल्या क्षणापासून पोहावं लागतं, आणि थांबायची सोय नाही. पोहताना तोंडातून शिरणारं पाणी कल्ल्यांवरून वाहतं, तेव्हाच त्याला श्वास मिळतो. इतर बऱ्याच माशांसारखी पोटात हवेची पिशवीही नाही. शेपूट थांबली की ते बुडू लागतं.

या धडपडीला किती ऊर्जा लागते, हे मोजायची पद्धत मला फार आवडते. ख्रिस्तोफर लोव या संशोधकाने आधी पिल्लांना बंद टाकीतल्या वाहत्या पाण्यात पोहायला लावलं. शेपटीचे झटके वाढले की पाण्यातला प्राणवायू किती भराभर घटतो, हे नोंदवलं. मग झटके मोजणारा चिमुकला ट्रान्समीटर बसवून पिल्लं उपसागरात सोडली. आता समुद्रातल्या प्रत्येक झटक्याची किंमत कळू लागली, आणि ती भारी निघाली. त्यात उन्हाळ्याचं कोमट पाणी. शार्कच्या या जातीचं अंग पाण्याइतकंच गरम राहतं, म्हणून पाणी तापलं की शरीराचा खर्चही वाढतो.

मिळकत मात्र तुटपुंजी: तळाच्या चिखलातली छोटी कोळंबी आणि गोबी मासे. शिकार करायलाही अजून शिकायचंच असतं. तोवर पिल्लू जगतं ते यकृतातल्या तेलावर. आईनं बांधून दिलेली ही शिदोरी. ती संपायच्या आत शिकार जमली तर पिल्लू तरतं. पहिल्या वर्षात बहुतेक पिल्लं मरतात, आणि त्यामागे उपासमार हे मोठं कारण मानलं जातं.

मग माद्या इथेच का येतात? पाणी गढूळ आहे, आणि पिल्लांना गिळणारे मोठे मासे कमी. दिवसा ती तळाशी घोळक्याने राहतात, रात्री प्रवाळाच्या कडेने पांगतात. पोट भरण्यापेक्षा जीव वाचवण्याची ही जागा आहे, असं मला वाटतं.

अरबी समुद्रातही हीच जात आहे. 2019 पासून ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे. मासळी बाजारात हातभर कानमुशी दिसली, तर तिच्या पोटाकडची बाजू एकदा पाहा. चीर अजून उघडी असेल, तर तिची शिदोरीसुद्धा बहुधा संपलेली नव्हती.