दुरंगी डिझाइनचा बिनबाह्यांचा पुरुषी स्वेटर : लोकर नेण्याआधी हे वाचा

हरभऱ्याला रात्रीचे ओलित असो, जागल असो की पहाटेची कापूस वेचणी, आपल्याकडे पुरुषांना छाती-पाठ झाकणारा आणि हात मोकळे ठेवणारा स्वेटर लागतो. दुपारी ऊन चढले की तो काढून धुऱ्यावर ठेवता येतो. दुरंगी विणीत, म्हणजे एका ओळीत दोन रंग चालवताना, लोकरीचा एक पदर समोर आणि दुसरा मागून जातो. त्यामुळे कापड जवळपास दुहेरी होते आणि बाह्या नसल्या तरी पुरेशी ऊब मिळते. मात्र हीच विण सर्वात जास्त बिघडते, आणि बिघडते ती मागच्या धाग्यामुळे. म्हणून या पत्रकात डिझाइनपेक्षा मागच्या बाजूबद्दल जास्त लिहिले आहे.

मापाचा हिशोब

खालचे सगळे आकडे ३८ इंच (९६.५ सेंमी) छातीसाठी, ४ प्लाय (चार पदरी) लोकर आणि १० नंबरच्या (३.२५ मिमी) सुयांसाठी आहेत. बॉर्डरसाठी १२ नंबरच्या सुया घ्या. आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात असू द्या. मुख्य रंग २५० ग्रॅम आणि बाकीचे तीन रंग ५०-५० ग्रॅम लागतात. एकरंगी स्वेटरला याहून कमी पुरते, पण इथे मागून जाणारा धागाही लोकर खातो. एका रंगाचे सगळे गोळे एकाच लॉट नंबरचे (एकाच वेळी रंगवलेले) आणि एकाच वेळी घ्या. महिन्याने आणलेला तोच रंग पाठीवर पट्ट्यासारखा वेगळा दिसतो.

आधी नमुना विणा. ४० टाके घालून ४० ओळी, दोन्ही रंग घेऊन, सुलट-उलट अशाच विणा. मधले १० सेंमी मोजा. तिथे २८ टाके आणि ३० ओळी आल्या पाहिजेत. पुढचा आणि मागचा भाग मिळून डिझाइनचे २८८ टाके आहेत, म्हणजे जवळपास १०३ सेंमी घेर. १० सेंमीत २८ ऐवजी ३० टाके आले तर तोच घेर ९६ सेंमी होतो. मग आतल्या सदऱ्यासकट स्वेटर अंगात जाणार नाही, कारण दुरंगी कापड साध्या विणीसारखे ताणत नाही. टाके जास्त आले तर ९ नंबरची सुई घ्या, कमी आले तर ११ नंबरची. ४ प्लाय लिहिलेली सगळी लोकर सारख्या जाडीची नसते, म्हणून वेष्टनापेक्षा नमुन्यावर विश्वास ठेवा.

रंग आणि डिझाइन

एका ओळीत दोनच रंग. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांत फेअर आयल नावाचे छोटे बेट आहे, तिथल्या विणकामाचा हा जुना नियम. स्वेटरमध्ये चार रंग असोत की आठ, ओळीत दोनच. तिसरा आला की मागे गुंता होतो आणि कापड पोत्यासारखे कडक होते.

दोन रंगांत गडद-फिक्याचा फरक हवा. लाल आणि हिरवा दुकानात उठून दिसतात, पण विणल्यावर एकमेकांत बुडतात. गोळे शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. फोटोत दोन्ही एकसारखे राखाडी दिसले तर एक बदला.

डिझाइन ४, ६, ८, ९, १२, १६ किंवा १८ टाक्यांचे निवडा, म्हणजे १४४ टाक्यांत ते पूर्ण बसते. १० टाक्यांच्या डिझाइनला चार टाके उरतात आणि बाजूच्या शिवणीवर फूल अर्धे कापले जाते.

मागचा धागा

एका रंगाचे सलग पाच टाके म्हणजे मागे दुसऱ्या रंगाचा पावणेदोन सेंमी धागा. तो तेवढाच लांब पडायला हवा, त्याहून आखूड नको. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवा आणि मगच नवीन रंगाचा टाका घ्या. विणणाऱ्याचा हात सहज धागा ओढतो. ओढला की पुढून कापडावर चुण्या पडतात आणि रुंदी घटते. कृत्रिम लोकरीत, म्हणजे अ‍ॅक्रिलिकमध्ये या चुण्या धुऊन जात नाहीत. उसवण्याशिवाय उपाय नाही, म्हणून दर चार ओळींनी कापड टेबलावर पसरून बघा. उलट धागा फार सैल सोडला तर घालताना बोटे अडकतात. पाचपेक्षा जास्त टाक्यांची उडी असेल तर मधल्या एका टाक्यापाशी मागचा धागा चालू धाग्यात अडकवून घ्या. दर ओळीत त्याच जागी अडकवू नका, पुढून उभी रेघ दिसते.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जणी पाळतात. मागच्या बाजूला जो धागा खालून येतो, त्याचे टाके पुढून किंचित मोठे आणि ठळक दिसतात. म्हणून फुलाचा रंग कायम खालून आणि जमिनीचा (फुलामागचा) रंग कायम वरून घ्या. मध्येच अदलाबदल झाली तर चूक एकही नसताना डिझाइन फिके-गडद दिसते. एक गोळा डाव्या डब्यात, एक उजव्या डब्यात ठेवला की हा क्रम टिकतो आणि धागेही पिळत नाहीत.

विणण्याचा क्रम

पाठ: १२ नंबरवर १३० टाके घालून एक सुलट एक उलट अशी ६ सेंमी बॉर्डर. शेवटच्या ओळीत दर ८ टाक्यांनी एक असे १६ टाके वाढवा, १४६ होतील. दोन्ही टोकांचा एकेक टाका शिवणीसाठी आहे, तो दोन्ही रंग एकत्र धरून विणा, म्हणजे कडेला भोक पडत नाही. १० नंबरवर ९६ ओळी डिझाइन.

मुंढ्याला (हात बाहेर काढायच्या जागी) दोन्ही बाजूंनी १० टाके बंद करा. मग प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका, असे ७ वेळा. नंतर एकाआड एक ओळीत ५ वेळा. १०२ टाके राहतील. मुंढा सुरू झाल्यापासून ७६ ओळी झाल्या की खांद्याचे ३१-३१ टाके १०, १०, ११ असे तीन टप्प्यांत बंद करा. गळ्याचे ४० टाके बंद न करता पिनेवर अडकवून ठेवा.

पुढचा भाग मुंढ्यापर्यंत तसाच. तिथे मधले २ टाके पिनेवर घेऊन ७२-७२ असे दोन भाग करा. मुंढा पाठीसारखाच घटवा आणि गळ्याकडे दर चौथ्या ओळीला एक, असे १९ टाके घटवा. खांद्याला ३१ उरले तर हिशोब जुळला.

खांदे जोडून गळ्याची पट्टी उचला: दर ४ ओळींना ३ टाके, म्हणजे प्रत्येक बाजूला ५७, मागचे ४०, मधले २, एकूण १५६. गळ्याच्या खालच्या टोकाच्या या दोन टाक्यांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक ओळीत दोनाचा एक करा, ८ ओळी. मुंढ्याला १३४ टाके, ८ ओळी. बंद करताना १० नंबरची सुई वापरा, नाहीतर काखेत काचते. बाजूच्या शिवणी शेवटी.

काही जणी मोबाइलवर बघून गोल सुईवर नळी विणतात आणि मुंढा कात्रीने कापतात. शेटलंडची लोकर खरबरीत असते, तिचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तिथे ते चालते. अ‍ॅक्रिलिकचा धागा गुळगुळीत असतो, कापलेली कड सुटत जाते. आमच्याकडच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीवर हे करू नका.

वापर आणि धुणे

अ‍ॅक्रिलिक वितळते आणि कातडीला चिकटते, त्यामुळे शेकोटीजवळ बसताना अंतर ठेवा. एका ठिणगीनेही भोक पडते. शेकोटीपाशी जागल करणाऱ्या माणसासाठी शुद्ध लोकर घ्या, महाग पडली तरी. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा वाफ देऊ नका, विण कायमची लुळी पडते. शुद्ध लोकर मात्र थंड पाण्यात भिजवून, मापाला पसरून वाळवली की टाके छान बसतात.

कोणताही स्वेटर पिळू नका, दोरीवर टांगू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि बाजेवर जुने लुगडे टाकून सावलीत आडवा वाळवा. उन्हाळ्यात ठेवताना शुद्ध लोकरीला कसर लागते, तेव्हा धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवा. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही.

नमुन्याचे टाके जुळत नसतील तर तो तुकडा आणि सुया घेऊन दुकानात या, सुईचा नंबर बदलून देतो. न उघडलेले गोळे लॉटच्या वेष्टनासकट परत घेतो.