पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही, तेव्हा

जुनी स्पोर्ट्स कार ओढल्यासारखी चालू लागते, एका चाकापाशी जळका वास येतो, पेडलवर पाय नसतानाही ब्रेक धरूनच राहतो. अशा वेळी बहुतेक जण थेट कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा, पिस्टन असलेला भाग) खोलायला घेतात. माझ्या मते ही घाई आहे. ब्रेक ऑइलचा दाब अडकलाय की एखादा भाग जाम झालाय, हे आधी कळायला हवं.

डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे ओढायला सहसा स्प्रिंग नसते. ते काम पिस्टनभोवतीचं चौकोनी काटछेदाचं रबरी सील करतं. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला चिकटलेली सीलची आतली कड त्याच्यासोबत वाकते. दाब गेला की रबर पूर्ववत होतं आणि पिस्टनला किंचित मागे खेचतं. ही माघार मिलिमीटरचा जेमतेम काही अंश असते. रबर कडक झालं किंवा पिस्टनवर गंज चढला, की तेवढीही ओढ पुरत नाही. गंजाचं मूळ बऱ्याचदा ब्रेक ऑइलमध्येच असतं, कारण ग्लायकॉलवर आधारलेलं ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. नव्या डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक प्रमाणित दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की 155 अंशांचीच हमी उरते.

आता चाचणी. गाडी भक्कम स्टँडवर घ्या, पेडल दाबून सोडायला लावा आणि चाक हाताने फिरवून पाहा. अडकत असेल तर कॅलिपरवरचा ब्लीड निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू, थोडा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकलेला होता. नाही झालं, तर पिस्टन, खाचेत गंजून बसलेला पॅड किंवा मागच्या चाकाला हँडब्रेकची केबल तपासा.

दाब अडकला असेल तर निपल बंद करून हेच पुन्हा करा, पण या वेळी होजच्या (कॅलिपरला जाणाऱ्या लवचीक रबरी नळीच्या) अलीकडचा, म्हणजे पेडलच्या बाजूचा, धातूच्या पाइपचा जोड सैल करा. इथे चाक सुटलं नाही, तर दोष होजमध्ये आहे. जुन्या होजचा आतला थर फुगतो किंवा सुटतो. पायाचा जोर ऑइलला त्यातून पुढे रेटतो, परतीला मात्र तेवढा जोर नसतो. बाहेरून होज अगदी धडधाकट दिसतो, म्हणून हा दोष फार छळतो.

पाइपाचा जोड सैल करताच चाक सुटलं, तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा भाग) किंवा सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा भाग) बघायचा. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. त्यातला पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला, म्हणजे पुशरॉडला, थोडीही मोकळीक नसेल तर तो पिस्टन पुरता मागे येत नाही आणि छिद्र झाकलेलंच राहतं. मग तापून प्रसरण पावलेल्या ऑइलला परतीची वाट नसते, ब्रेक आणखी घट्ट होतो, उष्णता आणखी वाढते. गाडी थंड असताना ठीक आणि थोडं चालल्यावर जड होत असेल, तर माझा पहिला संशय इथेच.

1961 मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या मागच्या डिस्क चाकात नसून डिफरन्शिअलला (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला) लागून आहेत. तिथे ब्रेक धरला, तर ती धग डिफरन्शिअलच्या ऑइल सीलपर्यंत पोहोचते.

खड्डे पडलेला क्रोमचा पिस्टन घासून वापरू नका, बदला. होज जोडीनेच बदला. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, कारण ते रंग उचकटतं. काम झाल्यावर ब्रेक कमीत कमी वापरत एक फेरी मारा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने डाव्या-उजव्या डिस्कचं तापमान ताडून पाहा; एक बाजू ठळकपणे गरम निघाली, तर त्या चाकाची चाचणी पुन्हा निपलपासून सुरू करा.