कापसाच्या राज्यातील गोरी उतरंड

अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीची (१८६१-६५) तिथली दक्षिणेकडची राज्ये म्हणजे गोरे मालक आणि काळे गुलाम, असे चित्र आपल्या मनात असते. १८६० च्या जनगणनेचे आकडे मात्र त्याला सरळ छेद देतात. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या १५ राज्यांत तेव्हा सुमारे ८० लाख गोरे आणि सुमारे ४० लाख गुलाम होते. तरीही चार गोऱ्या कुटुंबांपैकी साधारण एकाच कुटुंबाकडे गुलाम होते, आणि त्या मालकांपैकी निम्म्यांकडे पाचापेक्षाही कमी. किमान २० गुलाम राबवणारे मळेवाले अवघे ४६ हजारांच्या आसपास होते. नदीकाठची सुपीक जमीन आणि राज्यांची सत्ता बव्हंशी याच लोकांच्या हाती होती.

त्यांच्याखालचा मोठा थर स्वतःच्या जमिनीत घरच्या माणसांसह राबणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांचा होता. ते मका पिकवत, डुकरे मोकळ्या रानात चरायला सोडत आणि थोडीफार कपाशी लावत. पण सरकी काढायला अनेकांना शेजारच्या मळेवाल्याच्या जिन यंत्राचाच आधार असे. १८६० च्या सुमारास धडधाकट गुलामाची किंमत हजार डॉलरच्या बरीच वर गेली होती, तरी कधीतरी आपणही गुलाम घेऊ ही आशा आणि कातडीच्या रंगामुळे मिळणारा मान यांनी या शेतकऱ्यांना त्या व्यवस्थेशी बांधून ठेवले. ऑक्टोबर १८६२ मध्ये २० गुलामांच्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला दक्षिणेच्या सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट मिळाली, तेव्हा मात्र त्यांच्यातला संताप उघड झाला.

सर्वांत खाली भूमिहीन गोरे होते. गुलाम भाड्यानेही मिळत असल्याने त्यांच्या मजुरीला भाव नसे, आणि वर ‘आळशी’ हा शिक्का बसे. तो किती अन्यायाचा होता, हे पुढे विज्ञानाने दाखवले. चार्ल्स स्टाइल्स या परजीवीतज्ज्ञाने १९०२ मध्ये दक्षिणेतल्या अंकुशकृमीचे वर्णन केले. उबदार, वाळूमिश्रित मातीतून त्याच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त शोषतात, आणि माणूस पांढराफटक व निस्त्राण होतो. शौचकूप नाही, पायांत जोडे नाहीत, आहार निकृष्ट, अशा घरांवर या कृमीचा घाला सर्वाधिक पडे. उद्योगपती रॉकफेलरांच्या देणगीतून १९०९ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत तपासलेल्या शाळकरी वयाच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांत तो आढळला.