सुईमनोरा आणि सफरचंद : न्यूयॉर्कच्या एका टोपणनावाची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील ५७व्या रस्त्यावर २०२२मध्ये पूर्ण झालेला निवासी मनोरा ४३५ मीटर उंच असून त्याची रुंदी मात्र जेमतेम ६० फूट आहे. नागपूरच्या एखाद्या जुन्या ले-आऊटमधील ३० बाय ५०चे दोन प्लॉट शेजारी शेजारी घेतले, तर रस्त्याकडची जेवढी रुंदी मिळेल, तेवढ्यातच ही इमारत उभी आहे. रुंदी आणि उंची यांचे प्रमाण १ : २४ भरते. नवी, न छिललेली पेन्सिल टेबलावर उभी धरली, तर तिचे प्रमाणही साधारण एवढेच असते. ती उभी ठेवताना बोट सोडवत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या मनोऱ्याच्या माथ्याशी डोलणे आवरण्यासाठी सुमारे ८०० टनांचे वजन का बसवावे लागले, ते वेगळे सांगावे लागत नाही.

या मनोऱ्याविषयी जेथे जेथे लिहिले जाते, तेथे शहराचा उल्लेख हटकून 'बिग ॲपल' असा होतो. संत्रानगरीत राहणाऱ्या माणसाचा येथे एक गैरसमज होणे स्वाभाविक आहे. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यातील संत्री नागपूरच्या बाजारात आली, येथून रेल्वेने देशभर गेली आणि त्यामुळे शहराला ते नाव चिकटले. बाजार कळमन्याला गेल्यावरही रेल्वेस्थानकाच्या पूर्वेकडच्या भागाला लोक संत्रा मार्केटच म्हणतात. तेव्हा न्यूयॉर्कलाही सफरचंदांचा असाच काही व्यापार असणार, असे आपण गृहीत धरतो. न्यूयॉर्क राज्य सफरचंदाच्या उत्पादनात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या खालोखाल आहे, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात त्या टोपणनावाचा फळाच्या व्यापाराशी काहीही संबंध नाही. ते घोड्यांच्या शर्यतींतून आले आहे.

या नावाच्या उगमाच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांतील बहुतेक कथा केवळ तारखा ताडून पाहिल्या तरी गळून पडतात. सर्वांत लोकप्रिय कथा महामंदीची आहे. १९३०च्या हिवाळ्यात बेकार झालेले लोक न्यूयॉर्कच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पाच-पाच सेंटला सफरचंदे विकत उभे असत आणि त्यावरून शहराला हे नाव पडले, असे ती सांगते. सफरचंदे विकली गेली हे खरे आहे. पण हा शब्द त्याच्या कितीतरी आधी छापून आलेला आहे. दुसरी कथा एका फ्रेंच कुंटणखान्याची. ती चटकदार असल्यामुळे फार फिरली. मात्र तिला जुन्या कागदपत्रांत कोठेही आधार नाही आणि ती १९९०च्या दशकात गमतीने रचून पसरवलेली आहे. तिसरा दाखला अधिक गंभीरपणे घ्यावा असा आहे : १९०९च्या एका पुस्तकात देशाला झाडाची उपमा देऊन, झाडातील जीवनरसाचा वाजवीपेक्षा जास्त वाटा या मोठ्या सफरचंदालाच मिळतो, अशी मध्य-पश्चिमेकडील लोकांची तक्रार नोंदवलेली आहे. यावरून काही कोशांनी नावाचा जन्म १९०९चा धरला. परंतु तेथे सफरचंद हे त्या झाडाच्या रूपकापुरते आलेले आहे. शहराला त्या काळी कोणी त्या नावाने हाक मारत होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. उपमा आणि टोपणनाव यांतील हा फरक ध्यानात न घेतल्यानेच या विषयाचा गुंता वाढला आहे.

आपल्याकडेही असा गुंता आहे. 'संत्रा' हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा या गावावरून आला, असे ठासून सांगितले जाते. पण १५३० साली वारलेल्या बाबराच्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांमध्ये 'संगतरा' नोंदवलेला आहे. पोर्तुगीजांनी गोवा घेतले १५१० साली. दोन दशकांत एका पोर्तुगीज गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानात रुळून फारसी वळणाचे झाले, हे मानणे कठीण आहे.

न्यूयॉर्कच्या नावाचा खात्रीचा माग १९२०च्या दशकातील एका वर्तमानपत्राच्या शर्यतविषयक स्तंभात लागतो. १९२१मध्ये तेथे हा शब्द येतो आणि १९२४च्या फेब्रुवारीत तर स्तंभाच्या शीर्षकातच त्याला जागा मिळते. घोड्यावर मांड टाकणाऱ्या प्रत्येक पोराचे स्वप्न आणि प्रत्येक घोडेवाल्याचे अंतिम ठिकाण म्हणजे न्यूयॉर्क, असा त्या मजकुराचा आशय आहे. लिहिणाऱ्याने शब्द आपला असल्याचा दावा केला नाही, ही त्याच्या प्रामाणिकपणाची बाब म्हटली पाहिजे. १९२६मध्ये त्याने सविस्तर सांगितले, की न्यू ऑर्लीन्सच्या शर्यतीच्या मैदानावर शेजारशेजारच्या तबेल्यांतले दोन कृष्णवर्णीय मोतद्दार घोडे फिरवून शांत करताना आपसात बोलत होते. येथून पुढे कोठे, असे एकाने विचारले. 'बिग ॲपल'कडे, असे दुसऱ्याने सांगितले. त्यावर पहिल्याने बजावले, की मग या हडकुळ्या घोड्यांच्या अंगावर आधी थोडे मांस चढव, नाहीतर सफरचंदाचा नुसता गाभाच हाती येईल.

या संवादातच शब्दाचा खरा अर्थ आहे. मोतद्दारांच्या लेखी ते शहराचे वर्णन नव्हते, तर बक्षिसाचे होते. न्यूयॉर्क राज्यात १९०८च्या कायद्याने सट्ट्यावर निर्बंध आले, त्यापायी १९११ आणि १९१२ अशी दोन वर्षे तेथील मैदाने बंदच राहिली आणि १९१३पासून शर्यती पुन्हा सुरू झाल्या. त्यानंतरच्या वर्षांत दक्षिणेकडच्या लहान मैदानांवर हिवाळा काढणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कची बक्षिसे म्हणजे वर्षभराची आशा असे. घोड्याला सफरचंद आवडते, आणि सर्वांत मोठे सफरचंद तिकडे आहे, इतका तो साधा व्यवहार होता. स्तंभलेखकाच्या नावाचा उल्लेख आजही आदराने होतो. ज्यांच्या तोंडून शब्द आला, त्या दोघांची नावे मात्र त्याच्या मजकुरात नाहीत.

पुढे १९३०च्या दशकात जॅझ वाजवणाऱ्यांनी हा शब्द उचलला. गावोगावच्या कार्यक्रमांतून न्यूयॉर्कच्या, विशेषतः हार्लेमच्या, मंचावर पोहोचणे हे त्यांचेही मोठे सफरचंदच होते. १९३७मध्ये याच नावाचे एक नृत्य देशभर गाजले. त्याचा उगम मात्र न्यूयॉर्कमध्ये नसून साउथ कॅरोलायना राज्यातील एका क्लबमध्ये झाला होता. त्यानंतर शब्द मागे पडला आणि दोन-तीन दशके जुन्या शौकिनांपुरता उरला.

तो परत आला तो १९७१ साली, जाहिरातीच्या वाटेने. गुन्हेगारी, संप आणि कचऱ्याचे ढीग यांमुळे शहराचे नाव खराब झाले होते. पर्यटन मंडळाच्या जॅझप्रेमी प्रमुखाने हा विस्मृतीत गेलेला शब्द काढला, लाल सफरचंदाचे चिन्ह करून बिल्ले वाटले आणि शहराला नवे रूप दिले. आज आपण जे नाव ऐकतो, ते या मोहिमेने पक्के केलेले नाव आहे. चारच वर्षांनी, १९७५मध्ये, ते शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते, हे त्या बिल्ल्यांबरोबर क्वचितच आठवले जाते.

सुईसारख्या मनोऱ्यांची कायदेशीर मुळेही बरीचशी याच सुमाराची आहेत. १९१६च्या नियमाने वर जाताना इमारतीने मागे सरकत जावे असे ठरवले. १९६१च्या नियमाने त्याऐवजी भूखंडाच्या क्षेत्रफळावर बांधकामाची मर्यादा घातली, म्हणजे आपण ज्याला चटई क्षेत्र किंवा एफएसआय म्हणतो तीच कल्पना आणली, आणि चार रस्त्यांमधील एकाच चौकोनातील शेजाऱ्यांना आपले न वापरलेले क्षेत्र एकत्र करण्याची मुभा ठेवली. १९६०च्या दशकात एक भव्य रेल्वेस्थानक पाडले गेल्याने वारसा जतनाचा कायदा १९६५मध्ये झाला. दुसऱ्या एका स्थानकावर पन्नासहून अधिक मजले चढवण्यास मनाई झाली, तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९७८मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी शहराची बाजू घेतली. स्थानकावरचे न वापरलेले हक्क मालकाला जवळच्या भूखंडांवर हलवता येतात, त्यामुळे त्याचे नुकसान हलके होते, हेही न्यायालयाने विचारात घेतले.

वारसा वाचला, यात शंका नाही. पण त्याच निकालाने डोक्यावरच्या रिकाम्या हवेच्या बाजारमूल्यावर एक प्रकारे शिक्का बसला. महाराष्ट्र राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून जे नागपूरकरांना ठाऊक आहे, त्याच्याशी ही कल्पना नात्यातली आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे टीडीआर बहुधा रस्त्यात किंवा आरक्षणात गेलेल्या जागेच्या मोबदल्यात मिळतो, तर तेथे शेजाऱ्याच्या ठेंगण्या इमारतीवरची हवा थेट विकत घेतली जाते आणि त्यासाठी जाहीर सुनावणीचीही गरज पडत नाही. ५७व्या रस्त्याचे मनोरे याच सवलतीवर वर गेले. २०१५मध्ये तयार झालेल्या एका मनोऱ्यात तर वारा आरपार जावा म्हणून दर बारा मजल्यांमागे दोन मजले उघडे सोडलेले आहेत. यंत्रसामग्रीसाठीच्या अशा पोकळ्या क्षेत्रफळात मोजल्या जात नसल्यामुळे त्या उंची वाढवण्याच्याही कामी येत. अशा २५ फुटांहून उंच पोकळ्या मोजाव्यात, ही दुरुस्ती २०१९मध्ये आली, तोवर बहुतेक मनोरे उभे झाले होते.

पेन्सिलीसारखा तो मनोरा १९२५च्या एका पियानो कंपनीच्या इमारतीला धरून बांधलेला आहे. ती इमारत वारसा यादीत असल्याने जपली गेली, आणि दोन्हींत मिळून सुमारे साठच घरे आहेत. तेथून तीन रस्ते खाली, ब्रॉडवे आणि ५४व्या रस्त्याच्या चौकात, तो शर्यतींचा स्तंभलेखक १९३४पासून १९६३पर्यंत राहत होता. १९९७मध्ये शहराने त्या चौकाला 'बिग ॲपल कॉर्नर' असे नाव दिले, आणि ती पाटी मनोऱ्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे.