सायलेन्सर लावला तरी गोळी बोलतेच

वेब-मालिकांमध्ये हे दृश्य वारंवार येतं. हॉटेलची खोली, मध्यरात्र. मारेकरी कोटाच्या आतून पिस्तूल काढतो, नळीच्या तोंडावर एक काळं नळकांडं फिरवून बसवतो आणि चाप ओढतो. 'फुक्' असा आवाज येतो. शेजारच्या खोलीतला माणूस कूसही बदलत नाही. सकाळी चहा घेऊन येणाऱ्या पोऱ्याला प्रेत सापडतं.

त्या एका 'फुक्'मध्ये भौतिकशास्त्राचं इतकं काही चुकलेलं असतं की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. बंदुकीबद्दल पडद्यावर इतरही बरंच खोटं दाखवतात, त्यातल्या काही गोष्टींकडे पुढे येऊच. पण आवाजाचं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं, कारण गोळीचा आवाज एक नसतोच. ते तीन वेगळे आवाज असतात आणि सायलेन्सरचा इलाज त्यातल्या एकावरच चालतो.

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी पुंगळी, तिच्यात दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी आणि तोंडाशी घट्ट बसवलेली शिशाची गोळी. दारू पेटली की क्षणार्धात तिचा तापलेला वायू होतो. नेहमीच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात या वायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या २,००० पटींहून वर जाऊ शकतो. हा वायू गोळीला नळीतून पुढे रेटतो. गोळी नळीच्या तोंडाशी पोचते तेव्हा दाब बराच उतरलेला असतो, तरीही तो बाहेरच्या हवेच्या शंभराहून अधिक पट असतो. इतका वेळ गोळीच बुचाचं काम करत होती. ती निसटली की मागचा वायू एकदम बाहेर फुटतो आणि भोवतालच्या हवेला तडाखा देतो. हा पहिला आवाज.

हा वायू किती घातक असतो हे एका खऱ्या दुर्घटनेतून कळतं. १९८४ साली अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने चित्रीकरणाच्या सेटवर रिकाम्या काडतुसाचं, म्हणजे गोळी नसलेल्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर गंमत म्हणून कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हतीच. पण वायूच्या तडाख्याने कवटीचा तुकडा आत घुसला आणि काही दिवसांनी तो गेला. 'ब्लँक आहे, काही होत नाही' असं समजणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगायला हवी.

आता डेसिबल. शाळेत आपण हे एकक शिकतो, पण त्याचा स्वभाव बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. डेसिबल हे लॉगॅरिदमचं, म्हणजे पटींचं मोजमाप आहे. २० डेसिबल वाढले की हवेतल्या दाबाची लाट १० पट मोठी होते, ४० वाढले की १०० पट. सायलेन्सर नसलेल्या पिस्तुलाचा आवाज नळीजवळ १६० डेसिबलच्या आसपास असतो. हिशेब केला तर ही सुमारे २,००० पास्कलची लाट होते, वातावरणाच्या दाबाच्या २ टक्के. ऐकायला २ टक्के कमी वाटतात, पण माणसाला जेमतेम ऐकू येणारा आवाज २० मायक्रोपास्कलचा असतो. म्हणजे ही लाट त्याच्या १० कोटी पट मोठी. कानाला एका क्षणात कायमची इजा होण्याची शक्यता १४० डेसिबलपासून धरतात.

सायलेन्सर या पहिल्या आवाजाला आवरतो. तो बनवला अमेरिकेच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांनी. पेटंट १९०९ सालचं. त्यांचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम म्हणजे मॅक्सिम मशीनगनचे जनक, आणि आयुष्यभर बंदुकांच्या आवाजात काम करून उतारवयात त्यांना जवळजवळ ऐकू येईनासं झालं होतं. मुलाने केलेली योजना तत्त्वतः साधी आहे. नळीपुढे एक रुंद नळकांडं, त्यात एकामागोमाग एक पडदे आणि पडद्यांच्या मधोमध गोळी जाईल एवढंच भोक. गोळी सरळ निघून जाते. वायू मात्र प्रत्येक कप्प्यात पसरतो, घोळतो, थोडा निवतो आणि एकदम फुटण्याऐवजी थोडा उशिराने, हळूहळू बाहेर येतो. मोटरसायकलच्या सायलेन्सरमागेही हाच विचार आहे आणि मॅक्सिम यांनी पुढे इंजिनांचा आवाज कमी करण्याचं कामही केलं. आपल्याकडे बुलेटचे 'फटफट' वाजणारे बदललेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात. त्या नळकांड्यांतून आतले पडदे काढून टाकलेले असतात, म्हणून तर ती इतकी वाजतात.

मग फरक किती पडतो? चांगल्या सायलेन्सरने साधारण ३० डेसिबल कमी होतात. १६०चे १३०. लाटेचा दाब ३० पटींहून अधिक घटतो आणि ही अभियांत्रिकीची मोठी कामगिरी आहे. पण १३० म्हणजे शांतता नाही. भारतात फटाक्यांसाठी कायद्याने घातलेली मर्यादा चार मीटर अंतरावर १२५ डेसिबल किंवा शिखरमूल्य १४५ डेसिबल अशी आहे. सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचा मोठ्यात मोठा आवाज म्हणजे बंद खोलीत फुटलेला एक बऱ्यापैकी फटाका. शेजारचा माणूस कूस बदलेलच, बहुधा उठून दारही उघडेल. मारेकऱ्याने नळीवर उशी दाबली म्हणून यात मोठा फरक पडत नाही.

इथवर पहिला आवाज झाला. दुसऱ्यापाशी मात्र सायलेन्सरचं काहीच चालत नाही.

वीस अंश तापमानाला आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर वेगाने जातो. सैन्यातल्या ७.६२ मिलिमीटर रायफलची गोळी सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास निघते. ती आवाजाला मागे टाकत पळते. समोरच्या हवेला 'बाजूला हो' हा निरोप मिळतो तो दाबाच्या लाटेतून, आणि ही लाट आवाजाच्याच वेगाने जाते. गोळी निरोपाच्या आधी पोचत असल्याने हवेला सरकायला वेळच मिळत नाही. ती गोळीच्या टोकाशी एकदम दाबली जाते आणि तिथून शंकूच्या आकाराची धक्कालहर मागे पसरते. या शंकूचा कोन शाळेतल्या त्रिकोणमितीने निघतो. शंकूच्या अर्ध्या कोनाचा साइन म्हणजे ध्वनीचा वेग भागिले गोळीचा वेग. ३४३ भागिले ८४० म्हणजे ०.४१, म्हणून कोन सुमारे २४ अंश. सेकंदाला ३६० मीटर वेगाच्या पिस्तुलाच्या गोळीसाठी हाच कोन ७२ अंश येतो, म्हणजे शंकू अगदी बोथट. शंकूची कड तुमच्यावरून गेली की दाब एकदम वर उडी घेतो, मग सरळ रेषेत उतरत वातावरणाच्या दाबाच्याही खाली जातो आणि पुन्हा उडी मारून जागेवर येतो. आलेखावर ही रेघ इंग्रजी 'एन' अक्षरासारखी दिसते. हे सगळं एक हजारांश सेकंदाच्याही आत घडतं आणि कानाला ऐकू येतो चाबूक ओढल्यासारखा कोरडा 'कडाड्'.

प्राग इथे काम करणारे अर्न्स्ट माख आणि फ्यूम इथल्या नौदल अकादमीतले पेटर साल्शर यांनी १८८६ साली उडत्या गोळीभोवतीच्या या शंकूची छायाचित्रं टिपली. हवेची घनता बदलली की तिच्यातून जाणारा प्रकाश किंचित वळतो. तेवढ्याच आधारावर, विद्युत ठिणगीच्या उजेडात त्यांनी हवेतली अदृश्य लहर काचेवर उतरवली. त्या काळच्या साधनांनी हे साधलं याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. विमानांच्या बाबतीत आपण ज्याला 'माख अंक' म्हणतो, तो याच माख यांच्या नावाचा.

महत्त्वाचं हे की ही लहर नळीच्या तोंडाशी जन्मत नाही. गोळी जिथून जिथून जाते तिथे तिथे, वेग आवाजाच्या खाली उतरेपर्यंत, ती निर्माण होतच राहते. नळीवर बसवलेलं नळकांडं तिला कसं थोपवणार? पडद्यावर दूरच्या छपरावरून सायलेन्सर लावलेल्या रायफलने 'फुक्' करून माणूस टिपतात, ते म्हणूनच अशक्य आहे. त्या गोळीच्या वाटेवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला 'कडाड्' ऐकू येणारच.

यावर उपाय एकच, गोळीचा वेग आवाजाच्या खाली ठेवणं. त्यासाठी वेगळी, मंद काडतुसं असतात. यात तापमानही खेळ करतं. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. उणे २० अंशांत तो सेकंदाला सुमारे ३१९ मीटर असतो, तर नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, ३५७ मीटर. म्हणजे ३५० मीटर वेगाने निघणारी तीच गोळी काश्मीरच्या हिवाळ्यात ध्वनीच्या पुढे आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात ध्वनीच्या मागे! (दारूही उन्हात थोडी जोरात जळते, त्यामुळे प्रत्यक्षातला हिशेब इतका सरळ राहत नाही.) ऑलिंपिकमधल्या ५० मीटर रायफल प्रकारातली काडतुसं अशीच मुद्दाम मंद ठेवतात, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. तिथे कारण आवाजाचं नसतं. ध्वनीच्या वेगाची रेषा ओलांडताना गोळी डळमळते आणि नेम बिघडतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात.

तिसरा आवाज यंत्राचा. पिस्तुलाचा वरचा भाग झटक्याने मागे जाऊन पुढे येतो, लोखंडावर लोखंड आपटतं, पुंगळी फरशीवर पडते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी गुप्त कामगिऱ्यांसाठी बनवलेल्या वेलरॉड पिस्तुलात म्हणूनच प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस हाताने भरावं लागे. पडद्यावर रिव्हॉल्व्हरलाही सायलेन्सर लावतात. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात आणि नळीत फट असते आणि वायू तिथूनच फुटतो. रशियाच्या १८९५च्या नगांत रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र पुढे सरकून ही फट बंद होते. तो अपवाद.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गोळी लागताच माणूस मागे फेकला जाऊन काचेतून बाहेर पडतो, हे खोटं. ८ ग्रॅमची गोळी ३५० मीटर वेगाने आली तर तिचा संवेग २.८ एकक. ७० किलोच्या माणसात तो सगळा जिरला तरी त्याला वेग मिळतो सेकंदाला ४ सेंटिमीटर. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेवढाच धक्का झाडणाऱ्यालाही बसतो, आणि तो तर उडून पडत नाही. एके-४७च्या मॅगझीनमध्ये ३० काडतुसं असतात आणि ती मिनिटाला ६०० या गतीने सुटतात. चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत खेळ संपतो.

आणि छातीवरच्या ताइताने गोळी अडवणारा नायक. ही समजूत करमणुकीपुरती राहिलेली नाही. १९०५ साली जर्मन अमलाखालच्या पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, किंजिकितिले न्ग्वाले याने मंतरलेल्या पाण्याने गोळ्यांचंच पाणी होईल असा विश्वास लोकांना दिला. त्यांचा लढा न्याय्य होता, पण त्या पाण्याच्या भरवशावर माणसं मशीनगनसमोर गेली आणि मेली. जुलमाविरुद्ध उठलेल्या माणसांच्या हाती कुणी असली खोटी ढाल देतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

पुन्हा आवाजाकडे येतो, कारण पडद्याने आपले कान उलट्या दिशेनेही बिघडवले आहेत. खऱ्या गोळीबाराचं ध्वनिमुद्रण अवघड असतं. बऱ्याच मायक्रोफोनची मर्यादा १३० ते १४० डेसिबलपर्यंतच असते, त्यापुढे लाटेचं टोक कापलं जातं आणि उरतो एक बारीक 'फट्'. तो दमदार वाटत नाही म्हणून ध्वनिसंयोजक त्याखाली घुमणारे, खोल आवाज चढवतात. आपल्याला वाटतं बंदूक अशीच धडाडते. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत गोळीबार सुरू झाला, तेव्हा अनेकांना आधी फटाकेच वाटले. त्याच दिवशी कटकला भारताने इंग्लंडविरुद्धचा सामना जिंकला होता, त्यामुळे फटाक्यांना कारणही होतं.

दुसरा घोटाळा क्रमाचा. पडद्यावर आधी धडाका होतो, मग गोळी लागते. खऱ्या रायफलची गोळी ४०० मीटरवर साधारण ०.६ सेकंदात पोचते, नळीचा आवाज १.२ सेकंदांनी. आधी जवळून 'कडाड्', मग अर्ध्या सेकंदाने लांबून 'धप्'. या दोहोंमधल्या वेळेवरून सैनिक झाडणाऱ्याचं अंतर ताडतात, आणि गोळीबाराची दिशा शोधणारी यंत्रंही हेच दोन आवाज वापरतात. कानी पडलेल्या फटाक्याबद्दल शंका आली तर खिडकीशी जाऊन डोकावू नये, खाली वाकून पक्क्या भिंतीआड व्हावं. सोफा किंवा गाडीचं दार आडोसा म्हणून पडद्यावरच टिकतं. दाराचा पत्रा साधं पिस्तूलही भेदतं. गाडीत गोळी अडवण्याजोगं भरीव असं असतं ते मुख्यतः इंजिन.