नाटोची ‘वर्गणी’ नेमकी कुठे थकली?

नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीच्या बातमीत ‘थकबाकी’ किंवा ‘वर्गणी’ हा शब्द दिसला की समजावं, इथे घोळ आहे. सदस्यांनी संरक्षणावर जीडीपीचे दोन टक्के खर्च करावेत असं ठरलं होतं, पण ते कोणताही देश ब्रसेल्सला, म्हणजे नाटोच्या मुख्यालयाला, पाठवत नाही. तो पैसा ज्याने त्याने आपल्याच सैन्यावर खर्च करायचा: पगार, रणगाडे, दारूगोळा. निवृत्त सैनिकांचं पेन्शनही त्यातच धरतात. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा आणि आपल्या खिडकीला ग्रिल बसवणं वेगळं, तसंच हे. मुख्यालय, संयुक्त कमांड यांसाठी सामायिक निधी आहे, पण तो त्यामानाने किरकोळ आणि भांडण त्यावरून नाहीच.

युरोप संरक्षणावर कमी खर्च करतो, ही अमेरिकेची कुरबूर मात्र जुनी. युरोपातलं अमेरिकी सैन्य निम्मं करण्याचा प्रस्ताव १९७१ मध्येच अमेरिकी सिनेटमध्ये मतदानाला येऊन पडला होता. शीतयुद्ध संपल्यावर युरोपने हात आखडता घेतला. मग युक्रेनचा क्रिमिया रशियाने घेतला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये वेल्समधल्या नाटोच्या बैठकीत दोन टक्क्यांवर शब्द दिला गेला. शब्द तरी कसला? ‘दहा वर्षांत त्या दिशेने सरकण्याचं उद्दिष्ट ठेवू’, इतकंच. वकिलाने बसून सैल केलेलं वाक्य! तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस एवढेच तिघे दोन टक्क्यांच्या वर होते. जर्मनी सव्वा टक्क्याच्या आसपास.

याच सैल वाक्याची पुढे अमेरिकेच्या प्रचारसभांत ‘उधारी’ झाली. पैसे न देणाऱ्यांना वाचवणार नाही, अशी भाषा ट्रम्प यांनी २०२४ मध्ये केली. हल्ला झाल्यास एकमेकांच्या मदतीला धावण्याचं कलम ५ आजवर एकदाच लागू झालं, तेही २००१ मध्ये अमेरिकेसाठी, हे त्या सभांत कोणी सांगितलं नाही. अर्थात युरोपला खरी जाग आली ती २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाचे रणगाडे चालून गेल्यावर. फिनलंड आणि स्वीडन आत आले, सदस्य ३२ झाले.

जून २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या हेगच्या बैठकीत आकडा थेट पाच टक्क्यांवर गेला, मुदत २०३५. त्यातले साडेतीन टक्के निव्वळ संरक्षणाचे. उरलेला दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा वगैरे. स्पेनने आपल्याला एवढं लागणारच नाही म्हणून अंग काढून घेतलं. इटलीत तर सिसिलीला जोडणारा नियोजित पूल या दीड टक्क्यात बसवता येईल का, याची चर्चा रंगली. फेरआढावा २०२९ मध्ये आहे. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत नवा अध्यक्ष शपथ घेईल.